डाव्या पायाला रजा

2014 हे साल मोटारींच्या इतिहासात कुणी अधोरेखित केलेलं नाही, माझ्या मात्र ते पक्कं लक्षात आहे. जानेवारीत मारुती 800 बनायची थांबली. फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुतीनेच सेलेरिओ आणली. तिच्यात क्लचचं पेडल नसलेला एक प्रकार होता आणि त्याची किंमत पगारदार माणसाला झेपेल अशी होती. मे महिन्यात बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडरही थांबली. ज्या दोन गाड्यांवर या देशातली कितीतरी माणसं गिअर टाकायला शिकली, त्या दोन्ही पाच महिन्यांच्या आत गेल्या. आणि मधल्या त्या दिवसांतच गिअर शिकायची गरज न ठेवणारी स्वस्त गाडी बाजारात येऊन बसली. असं कुणी ठरवून केलं नव्हतं. ठरवूनही इतकं नेमकं जमलं नसतं.

मंडणगडापर्यंत ही बातमी यायला वेळ लागला. आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला. एका अंगाला सावित्रीची खाडी आणि तिच्या पल्याड रायगड, पश्चिमेला बाणकोट-वेळासचा समुद्र, बाकी सगळा जांभ्याचा चढउतार. कोकण रेल्वे जिल्ह्यात आली, पण आमच्या तालुक्याला वळसा घालून गेली. इथे जे काही येतं ते चाकांवर, घाट चढून येतं. तांदूळ, औषधं, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीला येणारे चाकरमानी, सगळं. त्यामुळे गाडी चालवता न येणाऱ्या माणसालाही इथे गिअर ऐकू येतो.

मला तो पहिल्यांदा एसटीने ऐकवला. मंडणगड आगाराची वस्तीची गाडी रात्री म्हाप्रळकडून शेनाळ्याच्या घाटाला लागायची तेव्हा आमच्या ओटीवर तिचा आवाज यायचा. दिवे दिसायच्या कितीतरी आधी. आधी तिसऱ्या गिअरची जाड घरघर, मग ती घरघर दमल्यासारखी खाली खाली यायची, आणि एकदम काहीच नाही. त्या क्षणी रातकिडे ऐकू यायचे. मग इंजिनाला नुसताच एक ठसका, आणि लगेच दुसऱ्या गिअरची चढी किरकिर. ती मधली पोकळी म्हणजे डबल क्लच, हे मला फार उशिरा कळलं. जुन्या गिअरबॉक्सचे दात फिरता फिरता एकमेकांत सरळ बसत नसत. ड्रायव्हर एकदा क्लच दाबून गिअर काढायचा, न्यूट्रलवर इंजिनाला रेस द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. दोन चक्रांचा वेग कानाने जुळवायचा, कारण तो दाखवणारं यंत्र समोर नसायचं. नाही जुळला तर दात असे करकरायचे की आख्खी वाडी जागी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरची चर्चा व्हायची. आई मात्र त्या पोकळीलाच ओळखायची. रातकिडे ऐकू आले की ती म्हणायची, “आली गाडी. पाणी तापत ठेव गो.”

त्या गाडीतून आप्पा यायचे. आप्पा मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ती फियाट म्हणून बनायला लागली, पुढे तिचं नाव प्रीमिअर पद्मिनी झालं. तिचा गिअर खाली जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. पुढे सलग बाकासारखी सीट, म्हणून ड्रायव्हरशेजारी दोघं सहज बसायची, आणि डाव्या हाताने आप्पा स्टिअरिंगखालची ती दांडी वर-खाली-आत-बाहेर करायचे. मी मुंबईला गेले की त्या सीटवर बसून त्यांचा हातच बघत बसायचे. बोटं दांडीला घट्ट धरत नसत. दोन बोटं आणि तळहाताची कड. गिअर ‘टाकला’ असं वाटायचंच नाही, तो आपणहून पडल्यासारखा पडायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून उतरली. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा आप्पा जेवत होते. “क्लचप्लेटा किती खाल्ल्या तिने माझ्या,” एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं.

आप्पांनी दादाला गाडी शिकवली. मला शिकवली नाही. वाईट हेतूने नव्हे. त्यांच्या पिढीला मुलीला क्लच जमत नाही हे तिखट-मीठ लागतं तितकं उघड सत्य वाटायचं. पण दादाला शिकवताना मागच्या सीटवर मी असायचे आणि माझे कान उघडे असायचे. तेव्हा कुणाची तरी मागून आणलेली मारुती 800 होती. आप्पांचा एकच धोशा होता. घाट दिसला की गिअर उतरवायचा, घाट लागल्यावर नाही. गाडी ठोकायला लागल्यावर, इंजिनाने मान टाकल्यावर खालचा गिअर टाकणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हता. आणि उतरताना? ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांविषयी ते काय बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही.

या शिकवणीमुळे आमच्या घरात रस्त्याचा एक वेगळाच नकाशा होता. टोळफाट्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडला की आंबेतपर्यंत तिसरा-चौथा. आंबेतचा पूल बिनघोर चौथ्यावर. तो दुरुस्तीला बंद होता तेव्हा गाड्या बोटीतून येत, तो भाग वेगळा. म्हाप्रळच्या बाजारात पहिला-दुसरा, कारण तिथे रस्त्यावर माणसं, बोकड आणि उभे केलेले टेम्पो यांचा समसमान हक्क. शेनाळ्याला दुसरा, दोन वळणांवर पहिला. मंडणगडच्या एसटी स्टँडपाशी पुन्हा तिसरा. आंबडव्याकडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झालाय, रुंद झालाय, तरी आप्पा त्यालाही गिअरांतच मोजतात. बाबासाहेब आंबेडकरांच्या या मूळ गावाला वर्षभर माणसं येतात, बाहेरगावच्या गाड्या येतात, आणि चढावर ज्यांचं इंजिन कण्हतं त्यांच्याकडे बघून आप्पा ओटीवरूनच सांगतात, “हा मुंबैचा. तिसऱ्यावरच रेटतोय.”

मी गाडी शिकले ती लग्नानंतर, डोंबिवलीत, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. मास्तरांच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक. पहिले काही दिवस गाडी मी चालवतेय की ते, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. मग एका चढावर, मागे रिक्षांची रांग हॉर्न वाजवत असताना, मला हाफ क्लच सापडला. हे ज्याचं त्याला सापडतं. शिकवणारा फक्त जागा दाखवू शकतो. डावा पाय सावकाश वर येऊ द्यायचा. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग इंजिनाचा आवाज जडावतो, बॉनेट केसभर उचलल्यासारखं वाटतं, सीटखालून एक बारीक थरथर येते. तिथे थांबायचं. पाय तिथेच धरून हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जात नाही, पुढेही जात नाही, सगळं वजन आपल्या डाव्या तळव्यावर तोललेलं. मग उजव्या पायाने थोडं पेट्रोल.

त्या सुट्टीत गावी गेले तेव्हा दादाची गाडी घेऊन वेसवीला गेले. वेसवी ते बागमांडला फेरीबोट चालते. बाणकोटच्या खाडीपल्याड श्रीवर्धन-हरिहरेश्वर. बोटीत गाडी चढवायची ती ओल्या, शेवाळलेल्या सिमेंटच्या उतारावरून, खलाशी हात करील तशी, सांगेल तितकी पुढे, सांगेल तितकी मागे. खाली पाणी. एक खलाशी समोर उभा, दोन्ही तळवे आपल्याकडे ओढत, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस!” आप्पा बोटीवर आधीच जाऊन उभे होते आणि पाण्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. गाडी हाफ क्लचवर इंचाइंचाने चढली. आप्पा काही बोलले नाहीत. परतीच्या फेरीला मात्र चावी माझ्याच हातात दिली. इतकं पुरे होतं.

आता गोष्ट अशी आहे की जे मी इतक्या मानाने मिळवलं ते आता लागतच नाही.

घरात आता जी गाडी आहे तिच्यात क्लच नाही. चार मीटरच्या आतली, डिकीवाली. ही चार मीटरची जात खास आपल्या देशातली. 2006 सालच्या अर्थसंकल्पाने लहान गाड्यांवरचा कर उतरवला आणि लहान म्हणजे चार मीटरच्या आत अशी रेघ मारली. मग 2008 मध्ये पिंपरीच्या टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून सीएस काढली, 2012 मध्ये डिझायरही आखूड झाली. सेडानचा डौल गेला, पण डिकी राहिली. कोकणातल्या माणसाला डिकीच हवी असते. आंब्याच्या पेट्या, भाताचं पोतं, फणस, परत येताना मुंबईचं सामान. एसयूव्हीच्या मागच्या जागेतही हे मावतं म्हणा, पण फणसाचा वास मग सगळ्यांनी घ्यायचा.

दादाने गाडी बदलायची ठरवली तेव्हा शोरूममध्ये दोन्ही प्रकार होते. ऑटोमॅटिकला चाळीस-पन्नास हजार जास्त. दादाचा डावा गुडघा दुखतो. तो महिन्यातून दोन-तीनदा दुकानाचा माल आणायला पनवेलपर्यंत जातो, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं काम म्हणजे काय चीज आहे हे वाचकांना सांगायला नको. गणपतीत माणगावच्या आसपास तासन् तास पहिला गिअर, क्लच, न्यूट्रल, पहिला गिअर, क्लच, न्यूट्रल. घाटात डाव्या पायाचं कौशल्य लागतं, कोंडीत मात्र नुसती हमाली. मला वाटतं, हाताच्या गिअरला घाटाने मारलं नाही, कोंडीने मारलं. ज्या माणसाला दिवसाकाठी शेकडो वेळा तेच पेडल दाबावं लागतं त्याला डबल क्लचच्या आठवणी सांगून काय उपयोग?

जगात हे केव्हाच होऊन गेलंय. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक आला, तेव्हापासून तिकडच्या डाव्या पायाला रजा मिळत गेली. तिथल्या मध्यमवर्गाची लाडकी टोयोटा कॅमरी 2011 च्या मॉडेलनंतर हाताच्या गिअरात मिळेनाशी झाली. होंडा अकॉर्डने 2020 पर्यंत तग धरला, मग तिनेही सोडलं. आपल्याकडे चित्र अजून उलटं आहे. देशात खपणाऱ्या गाड्यांत हाताच्या गिअरच्याच जास्त. पण सेडानच्या वरच्या पायरीवर बघा. कॅमरी आपल्याकडेही ऑटोमॅटिकच. होंडा सिटीचा 2022 मध्ये आलेला हायब्रीड अवतार, त्यात हाताच्या गिअरचा पर्यायच नाही. खालच्या पायरीवर सीएनजीने गिअरला हात दिला होता, कारण सिलिंडर बसवलेली गाडी घ्यायची तर क्लच आलाच. 2024 च्या फेब्रुवारीत टाटांनी टिगोरमध्ये सीएनजी आणि ऑटोमॅटिक एकत्र आणून तीही सबब काढून घेतली. विजेच्या गाडीचं तर विचारूच नका, तिला बदलायला गिअरच नसतात.

आमच्या तालुक्यात याची पहिली वर्दी शोरूमने दिलीच नव्हती. ती दिली आखाताने. म्हाप्रळ, बाणकोट आणि खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतली माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर आणि नंतर कुवेत, सौदी, दुबईला. आप्पांचे एक म्हाप्रळचे दोस्त, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, कुवेतला एका घरचे ड्रायव्हर होते. मी शाळेत असताना ते सुट्टीवर आले आणि आमच्या ओटीवर बसून म्हणाले की तिकडे गाडीला क्लचच नसतो, नुसतं बसायचं आणि पाय ठेवायचा. आप्पांना वाटलं, चाचा कुवेतच्या इतर गोष्टींसारखी हीही जरा फुगवून सांगतायत. मग म्हणाले, “म्हणजे गाडी कोण चालवतं?” चाचा हसले. त्यांना म्हणे आता उलटा त्रास व्हायचा. सुट्टीत इकडची जीप हातात घेतली की सिग्नलला, म्हणजे आमच्याकडे सिग्नल नाहीत, म्हशी आडव्या आल्या की, इंजिन बंद पडायचं. पुढे त्यांचा मुलगा दुबईला गेला. तिथे तर लायसनवरच नोंद असते, ऑटोमॅटिकपुरतं की दोन्ही. इंग्लंडमध्येही असंच. आपल्याकडे गंमत बघा: मोटारसायकलला ‘गिअरची’ आणि ‘बिनगिअरची’ असे दोन वेगळे वर्ग कायद्यात आहेत, मोटारीला नाहीत. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेला माणूस कायद्याने उद्या हाताच्या गिअरची गाडी शेनाळ्याच्या घाटात घालू शकतो. घालू नये, एवढीच प्रार्थना.

दुचाकीवरून हा सगळा प्रवास एकदा होऊन गेलाय, आणि तो बराचसा महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या हातून झालाय. आकुर्डीची बजाज चेतक 1972 ची. डाव्या मुठीत क्लच दाबून मूठच वळवायची, एक वर, बाकी खाली. बायका मागे, तिरप्या बसलेल्या. 1984 मध्ये फिरोदियांनी कायनेटिक होंडा आणली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही. पुरुषांनी तिला नावं ठेवली, मुलींनी ती चालवली. मग अॅक्टिव्हा आल्या, आणि चेतक बंद पडली. 2020 मध्ये चेतक हे नाव परत आलं ते विजेच्या स्कूटरवर, बिनगिअरचं. कुणी मोर्चा काढला नाही.

त्या स्कूटरींच्या डाव्या बाजूला, कव्हरच्या आत, दोन शंकूसारख्या कप्प्यांमध्ये एक रबरी पट्टा फिरतो. वेगानुसार कप्प्या जवळ-लांब होतात आणि पट्टा वर-खाली सरकतो. पायऱ्यांच्या जागी घसरगुंडी. हीच कल्पना हॉलंडच्या हुब व्हान डोर्न यांनी 1958 मध्ये डाफच्या मोटारीत घातली होती, आणि पुढे त्यांच्याच नावाच्या पोलादी पट्ट्याने ती मोठ्या गाड्यांत गेली. आज जिला सीव्हीटी म्हणतात ती हीच. दुसरी जुनी तऱ्हा टॉर्क कन्व्हर्टरची. समोरासमोर दोन पंखे ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसं इथे वाऱ्याऐवजी तेल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे पायाने दाबायच्या क्लचची तबकडीच नाही. गाडी मऊ चालते, पण पूर्वीच्या अशा गाड्या पेट्रोल प्यायच्या, आणि ‘अॅव्हरेज किती देते?’ हा ज्या देशाचा पहिला प्रश्न त्या देशात त्या चालणं कठीणच होतं. सेलेरिओने 2014 मध्ये आणलेली युक्ती तिसरीच. गिअरबॉक्स जुनाच, क्लचप्लेट जुनीच. फक्त आपल्या पायाचं आणि हाताचं काम दोन छोटे यांत्रिक हात करतात, संगणकाच्या हुकमाने. म्हणून स्वस्त. म्हणून गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास रोखते आणि आत बसलेल्यांची मान किंचित पुढे जाते.

आप्पा पहिल्यांदा नव्या गाडीत बसले तेव्हा त्यांनी ती मान लगेच पकडली. “डबल क्लच करतंय,” असं म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर नाही, पण मला त्यांचं म्हणणं कळलं. त्या अर्ध्या सेकंदाच्या पोकळीत त्यांना कुणीतरी ओळखीचं भेटलं होतं.

गाडी आता मुख्यतः वहिनी चालवते. हे दादाने ठरवलेलं नव्हतं, वहिनीनेही नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बरीच वर्षं अॅक्टिव्हावर जायची, पावसात रेनकोट घालून, वह्यांचा गठ्ठा प्लॅस्टिकात बांधून. जुनी गाडी दारात उभी असायची पण तिने तिला कधी हात लावला नाही. दादाने एक-दोनदा शिकवायचा प्रयत्न केला. नवऱ्याने बायकोला क्लच शिकवणं हा संसाराला धोकाच, त्यामुळे तो प्रयत्न लवकर थांबला. नवी गाडी आली आणि पंधरवड्यात ती शाळेत गाडीने जायला लागली. “स्कूटरपेक्षा सोपी आहे हो ही,” मला फोनवर म्हणाली, “हिला पाय टेकवायला लागत नाही.” आता ती शेजारच्या आजींना दवाखान्यात नेते, दापोलीला बहिणीकडे जाऊन येते, मार्चमध्ये शाळेतल्या सहकारी शिक्षिकांना भरून वेळासला कासवांची पिल्लं बघायला घेऊन गेली.

मला आनंद झाला. आणि थोडं डाचलंही, हे खोटं कशाला बोलू? त्या ओल्या उतारावर जो मान मला कष्टाने मिळाला होता तो तिला मागावाच लागला नाही. मग लक्षात येतं की तो मान माझा असला तरी तो अडसरही होता, आणि तो कितीतरी बायकांच्या आड उभा होता. बायकांना क्लच जमत नाही हे म्हणायला क्लच असावा लागतो. ते पेडल काढून टाकल्यावर वाक्यच लंगडं झालं. आमच्या वाडीत त्यानंतर आणखी दोघी गाडी शिकल्या. एकीचा नवरा जहाजावर असतो. त्याची गाडी वर्षातले नऊ महिने ताडपत्रीखाली झाकलेली असायची.

तरीही एक गोष्ट मला सोडवत नाही. ऑटोमॅटिकला रस्ता दिसत नाही. तिला फक्त चाकांवरचा भार, पायाचा दाब आणि वेग कळतो. म्हणजे घाट लागल्यावर तिला कळतं की घाट लागला. इंजिन दमलं की ती खालचा गिअर टाकते, आणि वळण संपायच्या आत, आपण पेट्रोलवरून पाय काढला की, वरचा टाकून मोकळी होते. मग पुन्हा चढ, पुन्हा खालचा. आप्पा ज्याला ड्रायव्हरच म्हणायला तयार नव्हते तो हाच. चढाला हे फार तर कंटाळवाणं. उताराला वाईट. वरच्या गिअरात गाडी मोकळी धावते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पावसाळ्यात शेनाळ्यातून उतरताना, वळणावर दरडीची माती आलेली, समोरून खडीचा डंपर, तेव्हा गाडीला आधीच धरून ठेवणारं काहीतरी हवं असतं. इंजिनाने धरावं असं हवं असतं. हे हाताच्या गिअरवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, कारण त्याचा हात वळणाआधीच दांडीवर जातो. मला वाटतं, जातंय ते एवढंच: वळण यायच्या आधी त्याच्याविषयी काहीतरी ठरवायची सवय. ते ठरवण्यात रस्त्याची ओळख असते, गाडीत मागे बसलेल्या माणसांच्या आणि डिकीतल्या पोत्याच्या वजनाचा अंदाज असतो, पाऊस पडून गेलाय की पडायचाय याचा हिशेब असतो.

आणि गंमत म्हणजे बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत त्यासाठी सोय असते. दांडी बाजूला सरकवली की ‘एम’. म्हणजे गिअर तुम्ही ठरवा, क्लच मी बघते. अधिक-उणेची खूण असते, पुढे-मागे ढकलायचं. चालवणाऱ्यांपैकी किती जण तिला हात लावतात कोण जाणे. दादा नव्या गाडीच्या पुस्तकातलं ते पानच उघडायला तयार नव्हता. मे महिन्यात गावी गेले तेव्हा मी वहिनीला शेजारी बसून दाखवलं. घाटाच्या तोंडाशी दांडी सरकवायची, दोनचा आकडा आला की सोडून द्यायचं, खालच्या पुलापर्यंत हात लावायचा नाही. ती म्हणाली, “एवढंच?” मी म्हटलं, एवढंच. तिने करून बघितलं आणि “आवाज फार करते” म्हणून पुन्हा ‘डी’वर टाकली. मी विषय सोडला. नणंदेने वहिनीला गाडी शिकवणं हाही संसाराला धोकाच.

जुलैत एका रविवारी तिचा फोन आला. आधी पावसाचं, मग शाळेच्या गळक्या छपराचं, मग डोंबिवलीहून येताना आणायच्या वस्तूंचं. मग म्हणाली, “वन्सं, काल शेनाळ्यातून तुमचं ते एम करून उतरले.”

“मग?”

“पुढे एक गाडी सारखे लाल दिवे लावत, थांबत थांबत चालली होती. मी आपली निवांत तिच्या मागे. आप्पा होते शेजारी.”

“काय म्हणाले?”

“खाली पुलावर आल्यावर म्हणाले, गिअर वळणाच्या आधीच उतरवायला हवा होतास. म्हटलं, वरच उतरवला होता. तुम्ही डुलकी काढत होतात.”